आपत्कालीन संपर्क: दामूमामा

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या गावच्या शाळेच्या हॉलमध्ये, दामूमामांवर अन्याय झाला. वेळ नेमकी सांगतेय, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मामांकडे बघायची लाज वाटत होती. शहरातून आलेल्या, परदेशातल्या शिक्षणाबद्दल सल्ला देणाऱ्या एका सल्लागाराने नऊ पोरांच्या विम्याच्या अर्जांवर लाल पेन फिरवलं आणि ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यातून दामूमामांचा नंबर नऊ वेळा खोडला. निषेध मी करणारच आहे. पण आधी माणूस सांगते, नाहीतर निषेध कशाचा ते तुम्हाला कळायचं नाही.

दामूमामा रस्त्यात भेटले तर ‘कसा आहेस’ म्हणून विचारत नाहीत. समोर उभे राहतात, बोट रोखतात आणि म्हणतात, “पडलास समज. पुढे?”

दिवेआगरच्या अलीकडचं आमचं गाव. सुपारीच्या वाड्या, थोडं भात, चार होमस्टे. इथली पोरं आता शिकायला जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाला जातात, आणि जो कोणी जाणार असं ठरतं त्याला मामांच्या पडवीत महिनाभर पडावं लागतं. म्हणजे मामांनी ‘पडलास’ म्हटलं की एका मिनिटात सांगायचं: रक्तगट कुठला, कुठलं औषध चालत नाही, त्या देशात मदतीला कुठला नंबर फिरवायचा, पॉलिसीचा कागद कुठल्या खिशात आहे. अडखळलात तर मामा गळ्यातली नारिंगी शिट्टी वाजवतात. शिट्टी वाजली म्हणजे तुम्ही गेलात. उद्या परत यायचं.

ही परीक्षा कुठेही होऊ शकते. निलेशच्या हळदीला मामा वाटी घेऊन वाकले, नवऱ्याच्या गालाला हळद लावली आणि हळूच म्हणाले, “पडलास समज.” निलेश दहा दिवसांनी कॅनडाला जायचा होता. त्याने डोळे मिटूनच सांगितलं, “ओ निगेटिव्ह. पेनिसिलीन चालत नाही.” नवरीच्या आत्याला वाटलं हा आमच्याकडचा विधी आहे. तिने पुढच्या वेळी हळद लावताना स्वतःहून विचारलं, पेनिसिलीनचं म्हणायचं का म्हणून.

मामा तीस वर्षं जहाजावर ऑइलमन होते. म्हणजे बोटीच्या पोटात, इंजिनाला तेल देत. जग मी खालून बघितलंय, असं ते म्हणतात. एकदा परक्या बंदरात त्यांचं अपेंडिक्स फुटलं, बोट त्यांना दवाखान्यात टाकून निघून गेली. बरे होऊन ते घरी पोचले, आणि पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी कंपनीची तार आली. कंपनीच्या कागदावर पत्ता जुना होता, म्हणून ती फिरत फिरत आली. हे सांगताना मामा अजून अस्वस्थ होतात. “मी हितं पडवीत च्या पितोय, आन् तार म्हंते मी सीरियस हाय. यमूनं तार वाचली, माझ्याकडं बघितलं, आन् तरीपन रडाय लागली.” यमूमामी म्हणजे त्यांची बायको. किनाऱ्यावर ते मोठं चक्रीवादळ आलं, त्याच्या पुढच्या वर्षी त्या गेल्या. मूलबाळ नाही.

त्या तारेपासून मामांचा रिकाम्या रकान्यांवर राग आहे. कोरा रकाना दिसला की बोटीच्या बुडाला भोक दिसावं तसे ते उठतात. पॉलिसी आली की भिंग घेऊन बसतात आणि शेवटच्या पानापासून वाचायला लावतात. “काय मिळतं ते एजंट सांगंल. काय मिळत न्हाय ते तू वाच.” दातांचा खर्च बहुतेक पॉलिसीत नसतो हे त्यांनी असंच शोधून काढलं, आणि तेव्हापासून गावातलं एकही पोर दाढ दाखवल्याशिवाय विमानात चढलेलं नाही. बोर्लीचा दातांचा डॉक्टर मामांना बघून उभा राहतो.

औषधांचंही तसंच. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरची चिठ्ठी, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. स्नेहलने आईचं ओवा-सुंठीचं चूर्ण कॉफीच्या बाटलीत भरून घेतलं होतं. मामांनी ते जप्त केलं. म्हणाले, कस्टमवाल्याला सांगशील आईनं दिलंय, तर तो म्हणेल आईला बोलाव.

शेवटच्या दिवशी मात्र ते शिट्टी काढून ठेवतात आणि वेगळा प्रश्न विचारतात. “रडू आलं समज. पुढे?” पोरं हसतात. मामा हसत नाहीत. विद्यापीठात पोरांच्या मनातलं ऐकून घ्यायला कोण बसतं, कुठल्या मजल्यावर, कधी, हे वहीत लिहून घेतात. आणि त्याखाली आपला नंबर.

त्यांचा नंबर सगळ्यांच्या अर्जावर कसा गेला, त्याला सुरेखाताई कारण आहेत. त्यांचा प्रणय जर्मनीत बर्फावर सायकलवरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्याने घरी फोन लावला. सुरेखाताईंनी लांबलचक परदेशी नंबर बघितला आणि कापला. अनोळखी नंबर उचलू नका असं फोनच रोज बजावत असतो, बाई करणार काय? त्यांनी सात वेळा कापला. आठव्यांदा उचलला आणि त्या जर्मन नर्सला ठणकावून सांगितलं, “माझ्याकडं एक रुपया न्हाय, आन् असला तरी तुला देनार न्हाय.” मग शेजारीपाजारी सांगत फिरल्या की मी चोराला कसं पळवलं. संध्याकाळी प्रणयचा मेसेज आला. दवाखान्याच्या कागदावर ‘कुटुंबाचा नकार’ अशी नोंद झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा घरोघर फिरले. माझा नंबर टाका, मला बोटीवरचं इंग्रजी येतं, मी उचलीन. आज परदेशात गेलेल्या एकवीस पोरांच्या अर्जावर तो नंबर आहे. मामा आंघोळ करतात तेव्हा फोन प्लास्टिकच्या पिशवीत खिळ्याला टांगलेला असतो. हरिहरेश्वरला देवदर्शनाला गेले तर आधी रेंज बघून मग प्रदक्षिणा घालतात. अनोळखी नंबर आला की उभे राहतात आणि म्हणतात, “येस. विच हॉस्पिटल?” पर्सनल लोन विकणाऱ्या मुली यावर गडबडतात. एकीला त्यांनी पेशंटचं नाव, वॉर्ड आणि शुद्धीवर आहे का, इतकं विचारलं. तिनेच शेवटी काळजी घ्या म्हणून फोन ठेवला.

आणि ते स्वतः कोणाला फोन करत नाहीत. कोणी केला तर बोलत नाहीत. “काय झालं? कायच न्हाय? मग ठेव. लाइन मोकळी पायजे.” एकवीस पोरं, त्यातलं कुणीतरी ह्याच क्षणी पडत असेल, असा हिशेब.

तर आता शनिवार.

सल्लागार लॅपटॉप घेऊन आला, नऊ अर्ज भरलेले होते, आईबाप बाकांवर बसले होते. मी मागच्या बाकावर वेगळ्याच विषयाची पत्रकं मोजत होते. मामांनी भिंग काढलं. अर्पिताच्या अर्जावर ‘आधीचा आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. अर्पिताला लहानपणापासून दमा आहे, अख्ख्या गावाने तिचा पंप बघितलाय. मामांनी विचारलं, असं का? सल्लागार म्हणाला, लिहिलं की हप्ता वाढतो, सगळे असंच करतात. मामा म्हणाले, आणि तिकडे दम लागला तर? कंपनी म्हणेल, तुम्ही लपवलंत.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सल्लागार चिडला. आपण कोण, मुलीशी नातं काय, असं त्याने विचारलं. मामा म्हणाले, गाववाला. मग तो हसला. म्हणाला, इथे रक्ताचं नातं लागतं, हे असले नंबर चालत नाहीत. आणि लाल पेन काढलं.

नऊ घरचे आईबाप बसले होते. कुणी बोललं नाही. सुरेखाताई चहाचे कप गोळा करत होत्या, त्याही नाही. अन्यायाविरुद्ध आवाज उठवा, असं माझ्या हातातल्या पत्रकावर छापलेलं होतं. मीही नाही. मामांनी भिंग खिशात ठेवलं, दारापर्यंत गेले, वळले आणि एवढंच म्हणाले, “दम्याचं तेवढं लिवा.”

त्या अर्जाची एक कोरी प्रत घरी नेऊन मी शेवटच्या पानापासून वाचली. रक्ताच्या नात्याची अट कुठेही नाही. नात्याच्या रकान्यात आई, वडील, पती, पत्नी आणि शेवटी ‘इतर’ असा पर्याय छापलेला आहे. सल्लागार खोटं बोलला, आणि आपण सगळ्यांनी ते नऊ वेळा ऐकून घेतलं.

तक्रार लिहून मंगळवारी मी मामांची सही घ्यायला गेले, तर ते पिशवी भरून एसटीला निघालेले. माणगावला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मी सोबत चढले. वाटेत सही मागितली, तर म्हणाले, अर्पिताचा अर्ज दुरुस्त झाला का ते आधी बघ, माझ्या नंबराचं मग बघू.

दवाखान्यात सिस्टरने त्यांचा फॉर्म माझ्या हातात दिला. सगळे रकाने मोठ्या, सरळ अक्षरांत भरलेले. रक्तगट, मधुमेह, चालू गोळ्या मूळ नावांनी. फक्त एक रकाना कोरा होता. आपत्कालीन संपर्क.

“मामा,” मी म्हणाले, “पडलात समजा. पुढे?”

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“आधी यमूचा नंबर होता,” ते म्हणाले. “मी पडलो तर कळंल की गावात. एवढा मानूस पडला तर आवाज व्हतोच.”

मी माझा नंबर लिहिला. नात्याच्या रकान्यात लिहिलं: इतर. त्यांनी भिंगातून वाचून बघितलं आणि फॉर्म सिस्टरला दिला. आत जाताना फोन माझ्या हातात ठेवला. “वाजला तर आधी हॉस्पिटल विचार, मग नाव. आन् घाबरू नको, वैशू. पडलेला पोरगा तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो.”

पाऊण तास मी तो फोन धरून बसले. त्यात एकवीस नावं आहेत. ‘जर्मनी प्रणय ओ पॉझिटिव्ह.’ ‘आयर्लंड स्नेहल शेंगदाणा चालत नाही.’ आलेल्या फोनांत लोनवाले, आणि लोनवाले. एकवीस जणांतला एकच: प्रणय, गेल्या दिवाळीत. अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत काय बोलणं झालं असेल ते मला माहीत आहे, तुम्हालाही आता माहीत आहे.

म्हणून मागणी. नऊ घरच्या आईबापांनो, नवा अर्ज घ्या, मामांचा नंबर परत लिहा, नातं ‘इतर’. अर्पिताचा दमा लिहा. तुमच्याही गावात पोरांच्या कागदांवर कुणाचा ना कुणाचा नंबर असेल. त्याच्या कागदावर कुणाचा आहे, ते आजच्या आज जाऊन विचारा.

आणि तुम्ही एकवीस जण. हे वाचून झालं की दामूमामांना फोन लावा. ते विचारतील, कुठलं हॉस्पिटल. सांगा, कुठलंच नाही, सहज केला. ते म्हणतील, मग ठेव.

ठेवू नका.