टावर आळशी शे

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षर तर कोंबडीच्या पायासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. पण नानांबद्दल कुठेतरी लिहून काढल्याशिवाय माझ्या पोटातला राग जाणार नाही.

नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे चुलतभाऊ, माझे जेठ. घर भिंतीला भिंत लागून. रोज सकाळी अंघोळ झाली की चिंचा पाडायच्या बांबूच्या टोकाला फोन बांधतात आणि गच्चीवर जाऊन परदेशातल्या पोराच्या फोनची वाट बघत उभे राहतात. गल्लीतून जाणारे विचारतात, "नाना, धरं का नेट?"

नाना वरून ओरडतात, "टावर आळशी शे! फोनले काय व्हयेल नही. फॉरेनना माल शे, मन्हा पोऱ्यानी धाडेल शे!"

त्याच टॉवरवर आमच्या बाकी कळसाडी गावाचे फोन सुसाट चालतात. ऊसतोडीला आलेले लोक पालात बसून सिनेमे बघतात. नानांच्या मते आमचा टॉवर फक्त परदेशी फोन बघितला की झोपतो.

पोरानं दोन फोन धाडले होते. एक नानांना, एक आईला. जिजी, म्हणजे माझी जेठाणी, वारल्यावर तिचा फोन नानांनी मला आठ हजारांना दिला. ते पैसे माझे होते, कापूस वेचून साठवलेले. सुरतेला माझ्या लेकीला दुसरं बाळ होणार होतं. घरात सासू अंथरुणावर, मला जाता येणार नव्हतं. म्हटलं, निदान फोनमध्ये बाळाचं तोंड बघेन.

साधा कॉल कसाबसा लागायचा. व्हिडिओ लावला की नुसतं गोल चक्र फिरायचं.

आमच्याकडे जेठाशी समोरासमोर बोलत नाहीत. कपाळापर्यंत पदर ओढायचा आणि सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "मोठा भाऊ शे, तोंड कसं उघाडू?" मग राहिली ओट्यापुढे बांधलेली म्हैस. नाना ओट्यावर बसले की मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "माय, आठ हजारना फोन लिधा, पन काय दिसत नही वं."

नानाही म्हशीकडेच बघून बोलायचे, "सांग तिले, सबूर ठेव म्हना. टावर आळशी शे."

एकदा तर म्हणाले, "दोन घरमा दोन फोन, दोन्हीले नेट नही. आते तरी गावले पटी, दोष टावरनाच शे!" म्हैस रवंथ करत राहिली.

बारशाच्या दिवशी मी नवं लुगडं नेसून गच्चीवर गेले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात नानांचा बांबू. पाळण्याचा अर्धा दांडा दिसला, त्यावर कुणाचा तरी बांगड्यांचा हात. मग चक्र. लेक विचारत होती, "आई, दिसी ऱ्हायनी का?" मग तिचा आवाजही बंद.

दुसऱ्या दिवशी मी एकटी शहाद्याला गेले. मोबाईलच्या दुकानात कळसाडीची आहे एवढं सांगितलं आणि फोन पुढे केला. दुकानदारानं उलटसुलट बघितला. "मावशी, हाऊ फोन बाहेर देशना शे. आपला टावर ज्या बँडवर चालस, तो बँडच यामा नही. सिम बदला नाही तर झाडवर चढा, काय उपेग नही." आणि वर म्हणाला, "तुमना गावना नानाले मी दोन वरीस पहिलेच सांगेल शे."

म्हणजे मला विकला तेव्हा नानांना माहीत होतं.

घरी आले. नाना ओट्यावर होते, म्हैसही होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी सरळ त्यांच्याकडे बघितलं. "नाना, तुमले माहीत व्हतं. मन्हा पैसा परत द्या."

नानांनी सवयीनं म्हशीकडे बघितलं.

पैसे मात्र आणून दिले. आधी तीन हजार, मग दुधाचे आले तेव्हा तीन. हातात देता येत नाहीत म्हणून मधल्या भिंतीवर ठेवायचे, वर दगड. दोन्ही वेळा मी मुद्दाम त्यांच्या देखत मोजले.

काल शेवटचे दोन हजार ठेवले. मी जिजीचा फोन त्याच भिंतीवर परत ठेवला. का कुणास ठाऊक, बोलून गेले, "नाना, या पैसानं तुमीच इथला फोन लिल्या. मले पैसा मांगून, सवडीनं द्या. पोऱ्याना फोन लगेच लागी."

नाना बांबूची दोरी सोडत होते. बराच वेळ गाठ सुटेना. मग म्हशीला नाही, मलाच म्हणाले, "इथला लिधा, आनि तरी पोऱ्यानी फोन नही करा, ते मंग?"

जिजीचा फोन त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि घरात नेला.

मी दगड उचलला. त्यांच्या देखत मोजले नाहीत, चुलीपाशी बसून मोजले. दोन हजार बरोबर होते. आठ हजार फिटले.