अपघाताविना दिवस : १,११८

रविवारी सकाळी सात वाजता साहेबांनी बैठकीच्या खोलीतला फलक बदलला. वर ठळक अक्षरांत ‘या घरात अपघाताविना दिवस’ आणि खाली खिळ्यांना अडकवलेल्या आकड्यांच्या पट्ट्या. सातची पट्टी काढून त्यांनी आठची अडकवली, स्टुलावरून जपून उतरले आणि दोन पावलं मागे जाऊन समाधानानं मान डोलावली. एक हजार एकशे अठरा.

साहेब चौतीस वर्षं एका पोलाद कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कामगार पाठीमागे त्यांना ‘हेल्मेट’ म्हणत. ते साहेबांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात. साहेबांनी फाटकावरचा जुना फलक मागून घेतला आणि त्यावरचं ‘कारखान्यात’ खोडून ‘घरात’ रंगवून आणलं. तेव्हापासून घरात जिना उतरताना एक हात कठड्यावर असे, फरशी पुसली की पिवळी पाटी उभी राही, आणि महिन्यातून एकदा शिट्टी वाजली की सगळ्यांनी घर रिकामं करून फाटकाशी जमायचं असे. एकदा सूनबाई डोक्याला साबण असताना तीन मिनिटांत फाटकाशी पोहोचली होती. साहेबांनी त्याबद्दल तिचं जाहीर कौतुक केलं होतं. सूनबाई त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

अशा या घरात चार दिवसांवर परदेशप्रवास येऊन ठेपला होता आणि एक प्रश्न तेवढा लोंबकळत होता.

“बाबा, विमा काढायचा की नाही, एकदाचं सांगून टाका,” चिरंजीव म्हणाले. “एजंट दहा वाजता येतोय.”

“विमा काढायचा म्हणजे अपघात होणार हे आधीच कबूल करायचं,” साहेब म्हणाले. “अरे, अपघात होत नसतात, माणसं ते करतात. जन्मभर लोकांना हे सांगितलं, आणि आता मीच आगाऊ कबुलीजबाब लिहून देऊ?”

“आणि तिकडं जाऊन पडलात तर?”

“का पडू? तिकडच्या जिन्यांना कठडे नसतात?”

बाईसाहेब आतल्या खोलीत बॅग भरत होत्या. त्यांना विम्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ताईकडे जायचं होतं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मुलाजवळ परदेशात राहणारी. दोन्ही गुडघे गेल्यामुळे आता ती इकडे येणं शक्य नव्हतं. नऊ वर्षं दोघी फोनवर एकमेकींना बघत होत्या. पण फोनमध्ये ताईचं कपाळ तरी दिसे नाहीतर हनुवटी तरी; अख्खी ताई म्हणून दिसत नसे. बाईसाहेबांना ताईच्या शेजारी बसायचं होतं, एवढंच. ताई दर दोन दिवसांनी विचारायची, “नक्की येताय ना गं?” आणि बाईसाहेब म्हणायच्या, “यांनी बॅगेलासुद्धा परावर्तक पट्टी चिकटवलीय, म्हणजे नक्कीच.”

दहाच्या ठोक्याला एजंट आला. बूट काढताना साहेबांनी त्याला भिंतीचा आधार घ्यायला लावला, त्यामुळे तो आत आला तेव्हाच जरा बिचकलेला होता.

“काका, फॉर्म अगदी सोपा आहे. एकच प्रश्न महत्त्वाचा. गेल्या तीन वर्षांत दोघांपैकी कुणाला काही दुखापत? भाजणं, पडणं, मार लागणं? काहीच नसेल तर कंपनी तुम्हाला खास वर्गात घेते.”

साहेबांचा चेहरा उजळला. विमा काढायचा की नाही हा प्रश्न वेगळा, पण खास वर्गाचा मान कोण सोडतो? त्यांनी एजंटला दंडाला धरून फलकासमोर नेलं.

“वाचा.”

“एक हजार एकशे अठरा,” एजंट वाचता वाचता सावध झाला. “हे... तुम्ही स्वतः मोजता?”

“रोज सकाळी सातला. लिहा, ‘नाही’. ठळक अक्षरात लिहा.”

एजंटनं लिहिलं. साहेबांनी सही केली आणि सहीखाली रेघही ओढली. कागद बाईसाहेबांपुढे आला.

“काकू, इथं. फक्त एवढंच सांगायचं माझं काम आहे, की यात काही खोटं निघालं तर तिकडं काही झाल्यावर कंपनी हात वर करते. मग सगळं निस्तरायचं तुमच्या नातेवाइकांनीच.”

बाईसाहेबांनी पेन उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्या डोळ्यांपुढे गुडघे धरून हॉस्पिटलच्या खेपा घालणारी ताई आली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला ही सही नाही करता यायची.”

“का?”

बाईसाहेबांनी डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा आकार स्पष्ट उमटलेला होता.

“दोन वर्षं झाली.”

“पण मागं भर उन्हाळ्यात तू पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवलेस ते? फॅशन आलीय म्हणालीस!”

“आली होती. माझ्यापुरती.” एकदा बोलायला लागल्यावर त्या थांबेनात. “आणि न्हाणीघरात पडले होते. पिवळ्या पाटीलाच अडखळून. सहा आठवडे मैत्रिणीकडं विणकाम शिकायला जात होते ना, ते कंबर शेकायला जात होते.”

साहेब मटकन खाली बसले. पण चौतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. त्यांनी खिशातून वही काढली आणि चौकशी सुरू केली.

“भाजल्यावर मलम कुठून आणलंस? प्रथमोपचाराच्या पेटीचं सील तर शाबूत आहे.”

बाईसाहेबांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईनं छताकडे पाहिलं. मग ती निमूटपणे स्वयंपाकघरात गेली आणि ‘साखर’ लिहिलेला एक मोठा डबा घेऊन आली. आत मलमं, पट्ट्या, कापूस, चिमटा, सगळं नीट लावलेलं होतं.

“बाबा, तुमच्या पेटीला हात लावला की नोंद करावी लागते,” ती म्हणाली. “नोंद केली की फलक शून्यावर येतो. आणि त्या पेटीतली औषधं कालबाह्य होऊन दोन वर्षं झालीत.”

“हा डबा... तूही वापरतेस?”

“सुरीनं चार वेळा. कढई एकदा. किसणी मोजायची का?”

साहेबांनी डब्यात हात घालून एक हातभर रुंद बँडेज बाहेर काढलं. “हे एवढं मोठं कुणाचं?”

आता चिरंजीवांना घसा खाकरावा लागला. “माझं. अंगठ्यावर गॅस सिलिंडर पडला होता. तुमच्यासमोर सरळ चालायचो आणि जिन्यात लंगडायचो.”

“कठडा धरून?”

“कठडा धरूनच, बाबा.”

एजंट तोंडावर फॉर्म धरून बसला होता. त्याच्या खांद्यांवरून तो हसत असावा, पण खात्रीनं सांगता येत नव्हतं.

साहेबांनी वही मिटली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “म्हणजे तीन वर्षं मी खोटा आकडा लावत होतो. ज्या घरात कुणी धड नाही, त्या घरातली माणसं परदेशात कशी धड राहतील? विमा नको आणि प्रवासही नको. रद्द.”

बाईसाहेब आत जाऊन भरलेल्या बॅगेवर बसल्या. ताईसाठी विणलेला स्वेटर वरच होता. विणकाम शिकायला गेल्याचं सोंग खरं वाटावं म्हणून त्यांनी खरोखरच विणायला घेतला होता तो. त्यांना रडू आलं, आणि रडू येतंय याचा त्याहून जास्त राग आला. एक चटका आणि एक पडणं काय लपवलं, तर ताई गेली हातची! त्या तशाच उठून बाहेर आल्या.

“रद्द करायचं ना? करा. पण आधी तो आकडा शून्य करा. आत्ता, आमच्या देखत.”

साहेबांनी स्टूल ओढलं. एक पाय वर ठेवला. मग तो पुन्हा खाली घेतला.

“चढा ना.”

“चढतो. जरा हलतंय ते.”

“कधीपासून हलतंय?”

“लाकूड आहे. हलतं कधी कधी.”

“अहो, मी विचारतेय कधीपासून. मी सांगू? गेल्या वर्षीच्या थंडीपासून. त्या दिवशी सकाळी सातला धप्पकन आवाज झाला. मी विचारलं तर म्हणालात, पेपर पडला. एवढा मोठा आवाज करणारा पेपर मी तरी पाहिला नाही. मग महिनाभर खोकताना कुशी धरून बसायचात.”

साहेबांनी फलकाकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि शेवटी बायकोकडे.

“दोन बरगड्या,” ते पुटपुटले. “तडा गेला होता. तुला माहीत होतं?”

“नसायला काय झालं? हसलात तरी तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं. महिनाभर मी मुद्दाम एकही विनोद केला नाही घरात.”

“म्हणून तू तेव्हा एवढी गंभीर होतीस! मला वाटलं, माझ्यावर रागावलीयस.”

“रागावलेही होते. सांगितलं असतंत तर शेकून दिलं असतं.”

सूनबाई हळूच म्हणाली, “म्हणजे घरातलं सगळ्यात धोक्याचं काम फलक बदलण्याचं होतं.”

साहेबांना हे नाकारता येईना. व्यावसायिकदृष्ट्या निष्कर्ष अचूक होता. त्यांनी फलकच भिंतीवरून उतरवला, उलटा करून सोफ्यामागे ठेवला आणि एजंटसमोर येऊन बसले.

“नवा फॉर्म आहे?”

“आहे, काका. पण आता खास वर्ग नाही मिळणार.”

“साधा द्या. आणि दुखापतींसाठी जागा कमी आहे. जोडपत्र लावा.”

दोघांनी शेजारी बसून जोडपत्र भरलं. इस्त्री, न्हाणीघर, स्टूल. मधेच बाईसाहेबांनी “तो नारळ... नाही, ते फलक लागायच्या आधीचं” असं म्हणून एक ओळ वाचवली. सही करताना या खेपेला साहेबांनी रेघ ओढली नाही.

गुरुवारी दोघं विमानतळावर पोहोचली. साहेबांनी बाहेर पडायचे सगळे दरवाजे बघून ठेवले, अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा वाचल्या आणि मग सामानाची ढकलगाडी आणायला गेले. दोन गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. त्यांनी जोरानं ओढलं. खट्ट असा आवाज झाला.

परत आले तेव्हा ते एकाच हातानं गाडी ढकलत होते. दुसरा हात कोटाच्या खिशात होता. चेहऱ्यावर पूर्वी फलकासमोर असायची तशी शांतता होती, फक्त कपाळावर घाम होता.

“काय झालं?” बाईसाहेबांनी विचारलं.

“कुठं काय?”

“खिशात काय आहे?”

“हात आहे. हात असायचाच खिशात.”

बाईसाहेबांनी पर्स उघडली. त्यात साखरेच्या डब्यातलं निम्मं सामान होतं. त्यांनी साहेबांचा हात खिशातून बाहेर काढला. मधलं बोट वांग्यासारखं जांभळं पडलं होतं. त्यांनी ते अलगद धरलं आणि मलमाच्या ट्यूबचं झाकण दातांनी उघडलं.

“अहो, विमा काढलाय ना आता?” त्या म्हणाल्या. “मग ओरडा की मनसोक्त.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सुरुवात बारीकशा ‘आई गं’नं झाली. मग एकदा तोंड उघडल्यावर त्यांना आवरेना. बोट, बरगड्या, आणि कारखान्यातल्या चौतीस वर्षांत गुपचूप गिळलेलं बरंच काही त्या एका ओरडण्यात बाहेर आलं. रांगेतली माणसं वळून बघू लागली. एक सुरक्षारक्षक धावत आला.

“काय झालं? काय लागलं यांना?”

“काही नाही हो,” बाईसाहेब पट्टी गुंडाळत म्हणाल्या, “जुनीच दुखणी आहेत. होतील मोकळे आता.”