वेणूच्या दोन्ही दोऱ्या

एका जंगलात, बाळांनो, एक वाटसरू भाकरी खायला बसला आणि उठताना शिदोरीतला कांदा तिथेच विसरून गेला. कांदा बिचारा काय करणार? त्याने मुळं सोडली.

त्यातल्या एका मुळाच्या टोकाशी एक राज्य होतं. मोहरीच्या दाण्यात अशी हजारो राज्यं मावतील, एवढंसं. पण राज्य ते राज्य.

तिथे सोळा बाया राहत. शाळेतली मुलं त्यांना गुणसूत्रं म्हणतात. आपण बायाच म्हणू. एकीला पाणी कसं प्यायचं ते ठाऊक होतं. एकीला भिंत कशी बांधायची ते. एकीला चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी कसं आणायचं ते. आणि वेणू नावाची एक होती, तिला ठाऊक होतं, खाली म्हणजे कुठे.

मुळाला याहून मोठी विद्या नाही.

राज्य भरलं की त्याची दोन करायची, अशी तिथली रीत. त्याआधी प्रत्येक बाई हुबेहूब आपल्यासारखी दुसरी घडवी. वेणूच्या दोन वेणू होत. पहिली कोण नि दुसरी कोण, ते त्यांनाही सांगता येत नसे. दोघींच्या कमरेला मिळून एक फीत बांधत. मग सोळा जोड्या मैदानाच्या मधोमध रांगेत उभ्या राहत. पूर्वेकडून एक दोरी येई, ती एकीला बांधत. पश्चिमेकडून एक येई, ती दुसरीला. मग फिती कापायच्या. एक वेणू इकडे, एक वेणू तिकडे. दोन्हीकडे सोळा-सोळा. मधे भिंत घातली की झालं.

फिती कापायचं काम धारूबाईचं. तिला कापणं एवढंच येई. म्हणून जुन्या लोकांनी तिचं मनगट सखोबा नावाच्या म्हाताऱ्या राखणदाराच्या हातात देऊन ठेवलं होतं. सखोबा एका हाताने तिला धरी आणि दुसऱ्या हाताने एकेक जोडीची दोरी छेडून बघे. दोन्हीकडून ओढ असेल तर दोरी वाजे. सोळा जोड्या वाजल्या की मगच तो धारूबाईचं मनगट सोडी. तोवर त्याचा एकच शब्द असे. "थांबा."

या वेळी कारभारी नवीन होते. बापूसाहेब. हुशार माणूस. दोरवाल्यांनी जोरात काम करावं म्हणून त्यांनी बक्षीस लावलं. जी बाजू जास्त गाठी मारील, तिला ढाल.

पूर्वेच्या दोरवाल्यांनी सोळाऐवजी सतरा गाठी मारल्या.

सखोबा रांगेतून निघाला. दोरी छेडली, वाजली. दुसरी छेडली, वाजली. वेणूपाशी आला. छेडली. दोरी गप्प.

"काय गं पोरींनो?"

"आम्हाला दोघींनाही पूर्वेचीच दोरी बांधलीय, सखोबा," एक वेणू म्हणाली.

"पश्चिमेचे आले होते," दुसरी म्हणाली. "जागा भरलेली बघून परत गेले."

सखोबाने मान हलवली. "थांबा," तो म्हणाला.

बापूसाहेब धावत आले. "अहो, मांडव घातलाय. पाहुणे बसलेत. आता काय?"

"एक गाठ चुकलीय, साहेब. सोडून पुन्हा बांधतो. नाहीतर दोघी एकीकडेच जातील. पश्चिमेला खाली कुठे ते सांगायला कुणी उरणार नाही."

"सोळापैकी पंधरा बरोबर आहेत ना? चौऱ्याण्णव टक्के! तुमच्या घरात कुणाला पडले होते का?"

"नाही पडले," सखोबा शांतपणे म्हणाला. "पण थांबा."

"सोड रे मेल्या," धारूबाई म्हणाली. "हात शिवशिवतोय माझा."

बापूसाहेबांनी म्हाताऱ्याला दमात घेतलं. मग समजावलं. सखोबा हलेना. तेव्हा बापूसाहेब मांडवात गेले आणि लाऊडस्पीकरवरून बोलू लागले.

"आज आपण सखोबांची गाठ चुकू न देण्याची जन्मभराची सेवा आठवू या. असा माणूस होणे नाही. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करण्यात येत आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

सखोबा बावरला. जन्मात त्याला कुणी कधी काही दिलं नव्हतं. बापूसाहेब हसत समोर आले. खांद्यावर शाल घातली, नारळ पुढे केला. आता बाळांनो, देवाचा प्रसाद काय नि सत्काराचा नारळ काय, एका हाताने घेणं बरं दिसत नाही. सखोबा गरीब होता, पण रीतीचा होता. त्याने दोन्ही हात पुढे केले.

कच्च.

सोळा फिती एका दमात कापल्या गेल्या. पंधरा जोड्या फुटल्या. दोन्ही वेणू मात्र हातात हात घालून पूर्वेला गेल्या. "अगं, तू तिकडे जायची ना?" "मी कशी जाऊ? तूच जायची होतीस."

मधे भिंत घातली गेली. कार्यक्रम वेळेत संपला. पूर्वेला ढाल मिळाली.

"मला काय ठाऊक?" धारूबाई म्हणाली. "हात मोकळा झाला, मी कापलं."

पूर्वेला दोन्ही वेणू एकदम "खाली, खाली" ओरडत. त्या गलक्यात पाणी प्यायचं राहून जाई. ते राज्य लवकरच सुकलं.

सखोबा पश्चिमेला राहायला गेला. तिथे एक जागा रिकामी होती, कुणीतरी बसायला हवं म्हणून. तिथल्या पंधरा जणी त्याच्याभोवती गोळा झाल्या.

"सखोबा, वाढायचं कुठल्या बाजूला?"

"खाली, बायांनो."

"खाली म्हणजे कुठे?"

सखोबाचे डोळे भरून आले. "ते वेणूला ठाऊक होतं गं. मला नाही."

शेवटी त्यांनी सभा घेतली. जिकडे ऊब लागते तिकडे जाऊ, असं सगळ्यांच्या मते ठरलं. त्या राज्याची दोन झाली, दोनाची चार, चारांची हजार. बापूसाहेबांच्या वेळापत्रकाप्रमाणे, एकदाही न थांबता. कुठेही वेणू नव्हती. मूळ वळलं आणि भराभर वर चढू लागलं. बाकीची मुळं अजून अंधारात चाचपडत होती.

एका सकाळी ते मातीतून बाहेर आलं. लख्ख उजेड. बापूसाहेबांनी भाषण केलं की आजवर कुठल्याही मुळाने एवढी उंची गाठलेली नाही. ते खरंच होतं. सखोबाने शाल काढली आणि जवळच्या दोघीतिघींवर सावलीसारखी धरली.

दुपारपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं.

तात्पर्य : चांगल्या कामात कुणी "थांबा" म्हणत असेल तर त्याच्याशी भांडू नये, त्याला काढूनही टाकू नये. त्याचा भर मांडवात सत्कार करावा. नारळ जरा मोठा बघून घ्यावा.