तारीख विचारणारं यंत्र

आमच्या कॉलेजातले अण्णा शितूत रोज सकाळी कॉम्प्युटरला पंचांग सांगत. थट्टा नाही, मी स्वतः ऐकलंय. चपला दाराबाहेर, हातपाय धुतलेले, आणि खुर्चीच्या टोकाशी बसून खणखणीत आवाजात, "आज मंगळवार, वैशाख शुद्ध पंचमी." मग एका बोटानं इंग्रजी तारखेचे आकडे दाबायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि रत्नागिरीत लोक कॉम्प्युटर नुसता बघायलासुद्धा यायचे. मी गणित शिकवायचो, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. आणि अण्णा फिजिक्सच्या लॅबमध्ये मदतनीस, म्हणून त्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्याला लागली. त्या यंत्राला स्वतःचं असं काही आठवायचं नाही. पुढच्या दोन खाचांपैकी एकीत सिस्टिमची फ्लॉपी सरकवली की ते जागं व्हायचं आणि पहिला प्रश्न विचारायचं, आज तारीख काय? दिवे गेले की पुन्हा सगळं विसरायचं. आणि आमच्याकडे दिवे जायचे म्हणजे जायचेच.

मी या विसराळूपणाला वैतागायचो. अण्णांना त्यात खोट दिसत नसे. "विचारतो हो, सर. न विचारता आपलंच घोडं दामटणारे घरोघर आहेत. हा विचारतो, म्हणजे घराणं चांगलं." घराण्याचं हे सर्टिफिकेट अण्णा फार जपून देत. प्रिन्सिपॉलसाहेबांनाही ते अजून मिळालं नव्हतं.

सुरुवातीला अण्णांचं आणि यंत्राचं भांडण झालं होतं. अण्णा आपल्या रीतीनं आधी दिवस, मग महिना घालायचे. बारा तारखेपर्यंत यंत्र मुकाट ऐकून घेई. तेराव्या दिवशी मात्र ते अडून बसलं, कारण तेरावा महिना त्याला माहीत नव्हता. त्याला आधी महिना लागतो, हे मी समजावल्यावर अण्णा डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "संकल्पातसुद्धा आधी मास, मग तिथी. त्याचंच बरोबर. मी चुकलो." तोवर आम्ही पाच मार्चची एक नोटीस तीन मे म्हणून लावून मोकळे झालो होतो.

पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरू नये म्हणून अण्णांनी कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवला होता. त्याच उबेला खालच्या खणात त्यांचे फणसाचे पापड असत. आमच्या प्रश्नपत्रिकांना कायम फणसाचा वास यायचा.

अशात हार्ड डिस्क मंजूर झाली. एक खाच काढून तिथे ती बसवायची, सिस्टिम तिच्यावर नव्यानं घालायची, म्हणजे फ्लॉपीची रोजची यातायात संपली. मी खूश. अण्णांनी एवढंच विचारलं, "पण त्याचं काही बिघडलंय काय?"

मुंबईहून इंजिनिअर एस.टी.नं आला, डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन. अण्णा पहाटेच हातखंब्याच्या फाट्यावर जाऊन उभे होते. विरोध असला तरी पाहुणचारात कसूर नाही. काम चालू असताना दिवे जाऊन चालणार नव्हते, म्हणून त्यांनी लाइनमनला आदल्या दिवशीच पापड पोचवले होते. यंत्राचं झाकण उघडलं तर आत पालीची दोन अंडी. इंजिनिअर मागे सरला. अण्णांनी ती कागदावर घेऊन खिडकीबाहेर पेरूच्या बेचक्यात ठेवली आणि म्हणाले, "आता चालवा तुमचं."

दुपारपर्यंत सगळं झालं. शेवटी इंजिनिअरनं बारीक सेलवर चालणारं एक घड्याळ आत बसवलं. "आता दिवे गेले तरी हा तारीख विसरणार नाही. कोणी सांगायला नको."

"कोणीच नको?" अण्णांनी विचारलं.

"कोणीच नको."

अण्णांनी त्याच्या टॉवेलाची नीट घडी घालून दिली.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र आपलं आपण सुरू होऊ लागलं. साडेनवाला हजर असणारे अण्णा अकराला यायला लागले. खोली मीच दुसऱ्या किल्लीनं उघडायचो. मला वाटलं, यंत्र लावायचा मान गेला म्हणून रुसलेत. चौथ्या दिवशी मी चिडवलं, "काय अण्णा, जावई रुसला काय?"

ते हसले नाहीत. कपाटातला बल्ब पुसत म्हणाले, "तसं काही नाही हो. ही गेल्यापासून घरात मी एकटा. मुलगा ठाण्याला. सकाळी उठून चहा करतो, पूजा करतो, सगळं मनातल्या मनात. इथे आल्यावर हा विचारायचा, तेव्हा माझं पहिल्यांदा तोंड उघडायचं. सवय झाली, दुसरं काय."

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं शेजारच्या खोलीत बसून मी या माणसाला सकाळी कधी काही विचारलं नव्हतं.

सुरू होताना काय काय करायचं, याची एक यादी यंत्रात असते. ती कशी बदलायची हे इंजिनिअरनं मला दाखवलं होतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिच्यात एक शब्द वाढवला आणि अण्णांना निरोप ठेवला, की उद्या मला उशीर होईल, यंत्र तुम्हीच लावा.

सकाळी मी वेळेवरच आलो आणि व्हरांड्यात थांबलो. आतून खणखणीत आवाज आला, "आज शनिवार, श्रावण वद्य द्वितीया."

थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले. "सर, गंमत बघा. त्याला तारीख ठाऊक आहे. वर लिहून दाखवतो, आणि खाली मलाच विचारतो."

"असं का करत असेल?" मी साळसूदपणे म्हटलं.

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"घराणं चांगलं, सर," ते म्हणाले आणि पापड आणायला आत गेले.