दोन्ही अर्धे

केव्हला पुरून आठवडाही झाला नव्हता, तोच त्याचा गोऱ्हा दारात येऊन थडकला. खोक्यांत भरून, क्लेमच्या गाडीच्या हौद्यातून.

केव्हची बायको लोर्ना तेव्हा गॅरेजात फ्रीझरच्या झाकणावर बसली होती, कारण त्याशिवाय ते लागत नव्हतं. आमच्या यारॅबी गावात माणूस गेला की शेजारीपाजारी रडत बसत नाहीत, ओव्हन लावतात. संध्याकाळपर्यंत त्या घरात बशी टेकायला जागा उरत नाही. केव्हच्या वाट्याला खिमा भरलेल्या पेस्ट्र्या आल्या, टूना घातलेला पास्ता आला, मसुराचं काहीतरी आलं. शिवाय ग्लेनिसचा लाझान्या. तो प्रत्येक मयतीला येतो आणि तो खाताना गेलेला माणूस सुटला असं वाटतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं.

"क्लेम, हे काय रे?" लोर्नाने विचारलं.

"गोऱ्हा."

"ते दिसतंय मला. पण एवढा?"

"दोन्ही अर्धे आहेत."

दरवर्षी क्लेमच्या कुरणातला एक गोऱ्हा दोघांत कापला जायचा. अर्धा केव्हचा, अर्धा क्लेमचा. उन्हाळा सरताना दोघं कुंपणावर कोपरं टेकून उभे राहायचे, कुठला चांगला हे दुपारभर नुसते न्याहाळायचे आणि शेवटी पहिल्यांदा बोट दाखवलेलाच ठरवायचे. शाळेच्या फुटबॉल संघापासून चाललेली मैत्री होती ती. दोघांच्या तोंडून मिळून वर्षाकाठी चार वाक्यं निघत, त्यातली तीन केव्हची.

"अरे, पण तुझा अर्धा?"

"मला नको यंदा." क्लेम हातातली हॅट गोल फिरवत होता. "तूच ठेव. केव्ह असता तर..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याने खोकी उतरवली, मान हलवली आणि तो गेला. दफनाच्या दिवशीही तो सगळ्यांच्या मागे उभा होता आणि चहाला न थांबता निघून गेला होता. पण क्लेम पहिल्यापासून तसाच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

आता प्रश्न होता जागेचा. बाहेर ऊन तापलं होतं आणि खोक्यांतून लाल पाणी झिरपायला लागलं होतं. लोर्नाने फ्रीझरमधली गावाची सगळी सहानुभूती बाहेर काढली आणि तिथे गोऱ्हा भरला. अर्धाच मावला. उरलेल्या अर्ध्यासमोर आणि वितळणाऱ्या अकरा भांड्यांसमोर ती स्टूल घेऊन बसली. केव्हसाठी रडावं म्हणून ती सकाळपासून जागा शोधत होती, आणि आता तर घरात उभं राहायलाही जागा नव्हती. तिला केव्हचा मनस्वी राग आला. मेला तो मेला, वर एवढं काम लावून गेला.

पास्ता तिने शेजारच्या कुत्र्याला घातला, लाझान्या झाडाखाली पुरला, जमेल तेवढं स्वतः खाल्लं आणि भांडी घासून काढली. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. बाया बरणीभर जॅम घालतात, नाहीतर परसातली लिंबं. लोर्नाने मांस घातलं. ग्लेनिसच्या भांड्यात चार जाड स्टेक आणि मांडीचा एक अख्खा तुकडा गेला. दुपारभर गाडी फिरवून तिने गावात तो उरलेला अर्धा गोऱ्हा वाटला आणि हलक्या मनाने घरी आली.

इथेच घोटाळा झाला.

मागे मर्व्ह पॅस्कोने आपला मासेमारीचा सगळा सरंजाम, गळांपासून होडीपर्यंत, असाच हसत हसत वाटून टाकला होता. लोकांनी आनंदाने घेतला. होडी तर ग्लेनिसच्या नवऱ्यानेच घेतली. त्यानंतर मर्व्हने स्वतःचं जे केलं ते गावात कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि ती होडी अजून पाण्यात उतरलेली नाही. तेव्हापासून यारॅबीत कुणी काही फुकट दिलं की घेणारा आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. इथे तर बाई मांडीचा तुकडा देऊन गेली होती. येत्या हिवाळ्यात जगायचं असेल तर मांडीचा तुकडा कोण देतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्लेनिस दारात हजर. हातात तेच भांडं, आत लोर्नाच्याच मांसाचा रस्सा.

"लोर्ना, तू ते स्टेक का गं दिलेस?"

"फ्रीझरमध्ये जागा नव्हती म्हणून."

"हो का," ग्लेनिस म्हणाली. एरवी तिचा आवाज तीन कुरणं ओलांडून जातो. आज ती इतक्या हळुवारपणे "हो का" म्हणाली की कुणी झोपलंय का म्हणून लोर्नाने मागे वळून बघितलं.

मग रीघ लागली. प्रत्येक जण लोर्नाचं मांस शिजवून लोर्नालाच आणून देत होता आणि खुर्ची ओढून बसत होता. कुणी उठायचं नाव घेईना. लोर्ना संडासात गेली तर बाहेरून आवाज, "बरी आहेस ना गं?" ग्लेनिसने पाळ्या लावून टाकल्या, म्हणजे लोर्ना घटकाभरही एकटी राहायला नको. रक्तदाब मोजायला नर्स आली आणि तिने हात धरला तो सोडलाच नाही.

ग्लेनिसच्या नवऱ्याने तर कहर केला. "सुऱ्या बोथट झाल्यात तुझ्या, धार लावून आणतो," असं म्हणून तो स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या सुऱ्या घेऊन गेला आणि परत फिरकलाच नाही. आता उरलेलं मांस कापायचं कशाने? लोर्नाने फ्रीझरमधले मोठे तुकडे काढले आणि जे पाळीला आले त्यांच्या हातात जसेच्या तसे ठेवले.

"आता तर फ्रीझरही रिकामा करतेय," गावात बोभाटा झाला. ग्लेनिसने मेलबर्नला फोन लावला.

लोर्नाची मुलगी जॅनिन दुपारीच गाडी घेऊन आली. आल्या आल्या तिने आईला मिठी मारली आणि मिठीतूनच फर्मावलं, "बॅग भर. तू माझ्याकडे येतेयस."

"कशाला?"

"मागची खोली रिकामी आहे आमची. घर विकून टाकू सावकाश."

"जॅनिन, मी मांस दिलं गं लोकांना. मांस! जागा नव्हती म्हणून."

"मर्व्हही म्हणाला होता, होडीला जागा नाही म्हणून," ग्लेनिस खुर्चीतून पुटपुटली.

"माझा नवरा गेलाय," लोर्ना ओरडली. "मला माझ्या घरात दार लावून रडायचंय. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एक क्षण मोकळा दिलेला नाही! या घरातून मी हलणार नाही."

स्वयंपाकघरात पाळीवरच्या आणि पाळी संपूनही न गेलेल्या मिळून पाच-सहा जणी होत्या. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. ओरडणं हेही काही चांगलं लक्षण नव्हतं.

"आई, पुढच्या वर्षाचं काहीतरी बोल ना मग," जॅनिनचा आवाज रडवेला झाला होता. "ठरवलंयस का काही? एक तरी गोष्ट सांग मला."

हे मात्र लोर्नाला पटलं. तिने फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "क्लेम? लोर्ना बोलतेय. पुढच्या वर्षीचा गोऱ्हा ठरवून ठेव. अर्धा माझा, अर्धा तुझा, नेहमीसारखा."

ग्लेनिसने सुस्कारा सोडला. जॅनिनने डोळे पुसले. पुढच्या वर्षीच्या गोऱ्ह्यात ज्या बाईचा वाटा आहे ती कुठे जात नाही, एवढं तर कुणालाही कळतं.



"पुढच्या वर्षाचं माझ्याच्याने नाही सांगवत, लोर्ना," पलीकडून क्लेम म्हणाला.

"का रे?"

"नाही सांगवत."

लोर्ना फोन कानाला लावून उभी राहिली. क्लेमच्या घरी फोन केला की मागे कुत्र्यांचा दंगा ऐकू यायचाच. आज एक घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

"कुत्री कुठायत तुझी?"

"बहिणीकडे दिली. तिकडे बरी राहतील."

"बरं," लोर्ना म्हणाली. "तू घरीच थांब. भांडं द्यायचंय तुझं एक."

"माझं कुठलं भांडं?"

तिने फोन ठेवला. तिचा चेहरा बघून जॅनिन उठून उभी राहिली. "काय झालं? नाही म्हणाला का?"

"ग्लेनिस," लोर्ना म्हणाली, "या गावात मांस पहिल्यांदा कुणी वाटलं?"

"तूच की गं."

"मी दुसरी. मला कुणी दिलं? स्वतःचा अख्खा अर्धा आणून टाकला त्याने माझ्या दारात. वाक्यसुद्धा पुरं करता आलं नाही त्याला, आणि मी जागेची चिंता करत बसले."

मग एकदम सगळ्या उठल्या. ग्लेनिसने टेबलावरचं हाताला लागेल ते भांडं उचललं, बाकीच्यांनीही उचललं. रिकाम्या हाताने कुणाकडे जायची आम्हाला सवयच नाही. जॅनिनने गाडी काढली, मागे दोन गाड्या लागल्या, आणि नर्सची चौथी.

क्लेमचं घर गावापासून लांब, खडीच्या रस्त्याच्या टोकाला. लोर्ना मांडीवर गरम रस्सा धरून बसली होती आणि जॅनिनला सारखी म्हणत होती, "हाक ना गं जोरात." केव्ह गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या डोक्यात केव्ह नव्हता, दुसऱ्या कुणाची तरी काळजी होती. रस्सा हिंदकळून झग्यावर सांडला, पण तिला भाजल्याचं कळलंही नाही.

अंगण झाडून लख्ख केलेलं होतं. व्हरांड्यात फ्रीझर आणून ठेवला होता; धुतलेला, दार सताड उघडं, वायर गुंडाळलेली. ते बघून ग्लेनिसने हातातलं भांडं छातीशी घट्ट धरलं.

क्लेम पायरीवर बसला होता. स्वच्छ शर्ट घातला होता त्याने आणि दाढी केली होती. फाटकातून एकामागोमाग आत शिरणाऱ्या चार गाड्या त्याने पाहिल्या. त्यातून उतरणाऱ्या बाया पाहिल्या, प्रत्येकीच्या हातातलं झाकलेलं भांडं पाहिलं. आमच्या गावात अशी भांडी एकाच कारणाने निघतात. त्याचा चेहरा उतरला आणि तो धडपडत उठला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

लोर्ना पायऱ्यांपर्यंत आली. तिला आता खरोखरच रडू फुटलं होतं, आणि ते सगळ्यांसमोरच फुटलं होतं.

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "सरक जरा, बसू दे मला."