सिरसाळ्यात सिरसाळकर

पत्रिकेचा मसुदा मोठ्यानं वाचायची काही गरज नव्हती, असं पंचशीलाबाई अजूनही म्हणतात. पण त्यांचे पती आबासाहेब एसटीत कंट्रोलर होते. केजच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारण्यात उमर गेलेली; हातात कागद आला की तो पुकारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सोयरीक ठरली होती, पोहे झाले होते, चहा फिरत होता. आबासाहेबांनी घसा साफ करून वाचलं, "आयुष्मान सौरभ आबासाहेब सिरसाळकर आणि आयुष्मती पौर्णिमा संजय सिरसाळकर."

नेकनूरहून आलेल्या पाहुण्यांत मुलीची आजी मनकर्णाबाई होत्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"एका गावचे, एका आडनावाचे. म्हंजी एक भावकी. मंग ही दोघं भाऊ-भन लागत्यात की."

पोरांनी एकमेकांना पुण्यात नोकरीच्या ठिकाणी पसंत केलं होतं. आडनाव एकच आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, उलट त्यात त्यांना सोयच वाटली: आधार, पॅन, बँक, कुठंही नाव बदलायला नको. आबासाहेबांना तर तो मान वाटला होता. म्हातारीला मात्र पाहुणे 'कंट्रोलरचं घर' एवढेच ठाऊक होते, आणि जास्त सांगायची हिंमत कुणी केली नव्हती.

मनकर्णाबाई वाईट नव्हत्या. नातीवर त्यांचा जीव होता, पण भावकीच्या बाबतीत त्यांचं मन कुणी वळवू शकत नसे. उठताना त्यांनी निकाल दिला: कंट्रोलरसाहेबांनी सिरसाळ्याला जावं आणि दोन घरांची भावकी एक नाही असा पुरावा आणावा. रविवारपर्यंत आला तर लग्न, नाही तर पोरीला दुसरं स्थळ. पौर्णिमानं सौरभकडे पाहिलं, सौरभनं बापाकडे पाहिलं आणि बापानं पंख्याकडे पाहिलं.

कारण आबासाहेबांची खरी अडचण वेगळीच होती. "सिरसाळ्यात आमची आख्खी गल्ली हाय," असं ते चाळीस वर्षं सांगत आले होते आणि त्या गावात त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. हजारो माणसं त्यांनी सिरसाळ्याच्या गाडीत चढवली, स्वतः कधी चढले नाहीत. त्यांच्या वडलांनी धम्मदीक्षेनंतर दोन-तीन वर्षांत गाव सोडलं. पुढं केजच्या शाळेत पोराचं नाव घालताना मास्तरांनी 'कुठले तुम्ही' म्हणून विचारलं आणि जे उत्तर आलं तेच आडनाव म्हणून लिहून घेतलं. मागचं आडनाव घरात काढायचं नाही, हा वडलांचा दंडक होता. नवा माणूस, नवं नाव. त्यामुळे ते आबासाहेबांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काखेत वही मारून ते सिरसाळ्यात उतरले. स्टँडसमोर बंकटचं चहाचं हॉटेल होतं. तिथं त्यांनी ऐटीत विचारलं, सिरसाळकरांची गल्ली कोणती?

बंकटनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "सायेब, सिरसाळ्यात सिरसाळकर कावून असंल? आपल्याच घरात बसून कुनी घराचा पत्ता सांगतंय का? जे गाव सोडून गेले, ते झाले सिरसाळकर."

आबासाहेबांच्या चाळीस वर्षांच्या गल्लीवर एका वाक्यात पाणी पडलं. पण रविवार डोक्यावर होता. त्यांनी वही उघडली आणि तपास सुरू केला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी इथून कोण कोण गेलं? त्यांची जागा कुठं होती? आता तिथं कोण राहतं? उत्तर मिळालं की ते टिपून घेत आणि खाली रेघ मारत.

गाव सोडून गेलेल्याचा वारस पांढऱ्या सदऱ्यात परत येतो आणि जागा कुठं होती असं विचारून लिहून घेतो, याचा अर्थ गावाला शिकवावा लागत नाही. तासाभरात बातमी शिवेपर्यंत गेली. रिकाम्या पडलेल्या एका जागेत कुणीतरी घाईनं म्हैस आणून बांधली. दुसऱ्यानं पडक्या भिंतीला चुना फासला. दुपारपर्यंत हॉटेलासमोर तीस-चाळीस माणसं जमली आणि जो तो छातीवर हात ठेवून सांगू लागला की हा पाहुणा आपल्या भावकीतला नाही.

आबासाहेबांना आनंदाचं भरतं आलं. भावकी नाही, हेच तर त्यांना हवं होतं. तसं लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं मात्र, माणसं सहीसाठी एकमेकांना ढकलायला लागली. 'सदर इसम आमचा कोणीही लागत नाही' या मजकुराखाली सत्तावीस सह्या आणि चार अंगठे घेऊन ते तडक नेकनूरला पोचले.

मनकर्णाबाईंनी कागद नातीकडून दोनदा वाचून घेतला.

"म्हंजी तुमचं त्या गावात कुनीच न्हाई," त्या म्हणाल्या. "कालपतोर तुमी भावकीतले तरी व्हते. आता तर तुमी कोन, कुठले, तेच कळंना. ज्याला आख्खं गाव नाकारतंय, त्याच्या घरात पोरगी कशी द्यावी?"

आबासाहेबांनी कागदाची घडी घातली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना भीती वाटली की आपल्या वहीपायी पोराचं लग्न मोडणार.

शेवटी पौर्णिमानंच कंबर कसली. रविवारी तिनं जीप ठरवली आणि आजीला, वडील संजयगुरुजींना, केजहून आबासाहेबांना आणि सौरभला आत बसवून सिरसाळ्यात आणलं. जीपमधून एवढी माणसं उतरताना पाहून गावाची खात्रीच पटली की आता कोर्टाचा माणूसही सोबत आहे. पटापट दारं लागली. बंकटनं चहाचं भांडं झाकलं. उंबऱ्यावर राहिल्या फक्त ऐंशी ओलांडलेल्या भिवराबाई, कारण गुडघ्यांमुळे त्यांना पळता येत नव्हतं.

पौर्णिमा त्यांच्यासमोर खाली बसली.

"आजी, आमाला जागा नको, घर नको. मला लग्न करायचंय. आमी दोघं एका भावकीतले हावोत का, तेवढं सांगा."

भिवराबाईंनी आधी तिचं तोंड चाचपलं, मग दोन्ही घरांतल्या आजोबा-पणजोबांची नावं विचारली. नावं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. हे नेकनूरला गेलं ते सरवद्यांचं घर. केजला गेलं ते जोगदंडांचं. एका वर्षी गेले, पण भावकी कुठली? आडाच्या पोहऱ्यावरून दोन्ही घरांत असं कडाक्याचं वाजलं होतं की एकानं केजची वाट धरली तर दुसऱ्यानं मुद्दाम नेकनूरची. "मी नवी नवरी व्हते," त्या म्हणाल्या, "तरी दारात उभी राहून समदं भांडन ऐकलं."

आपले वाडवडील भांडले म्हणून एवढा आनंद कुणाला कधी झाला नसेल. सौरभ चक्क हसला.

जागा नको, हे शब्द तोवर दारांच्या फटींतून आत गेले होते. एकेक कडी निघाली. परवा सही केलेल्या सत्तावीस जणांपैकी सात जोगदंड निघाले आणि सातही जण आबासाहेबांच्या गळ्यात पडले. सरवद्यांच्या बायकांनी पौर्णिमाला मधे घेतलं, आपली लेक माहेराला आली म्हणाल्या, आणि म्हैस बांधली होती ती जागा सारवून पाहुण्यांना तिथंच सतरंजी टाकली. बंकटनं नवा चहा ठेवला. गावात जोगदंड आणि सरवदे भरपूर. कुणाला हाक मारली ते कळावं म्हणून लोकांनी आपोआप नवी नावं पाडली. "केजकर, टेका जरा." "नेकनूरकरीनबाई, साखर चालती का?"

मनकर्णाबाई त्या हाका ऐकत, इकडंतिकडं पाहत बसून होत्या. साठ वर्षं जे नाव लावलं, ते गाव त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते कुणापासून लपवलेही नाहीत.

आबासाहेबांनी भीत भीत विचारलं, आता काही हरकत आहे का?

"भावकीची हरकत गेली," त्या म्हणाल्या. "पन पत्रिकेवर दोनी बाजूला सिरसाळकर वाचून सोयरेधायरे तोंडात बोटं घालतील. घरोघर जाऊन पोहऱ्याची गोष्ट कोन सांगत बसंल?"

सौरभचं हसू मावळलं.

मनकर्णाबाईंनी शेवटचा घोट घेऊन कप पौर्णिमाच्या हातात दिला.

"लगीन हितंच लावू," त्या म्हणाल्या. "हितं आपली आडनावं येगळी हायत."