ताडपत्रीतली गाडी

कोरिनचं लग्न लागलं. कायदेशीर लागलं, सही-शिक्क्यानिशी लागलं. मात्र ते कुठे, कसं आणि कोणाच्या शिट्टीवर लागलं, यातलं काहीही घडलेलं नाही, असं तिच्या आईने, नाडीनने, जाहीर केलेलं आहे. तर जे घडलं नाही, ते असं.

लग्न लावणार होता खुद्द वधूपिता, लॉइड. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीने त्याला एका दिवसापुरता तसा अधिकार दिला होता. राष्ट्रीय उद्यानाने वेळ दिली होती दोन ते अडीच: बारा पाहुणे, सेक्वॉयाच्या झाडाखाली, खुर्च्या नाहीत. लॉइडशिवाय लग्न नाही आणि अडीचनंतर झाड नाही. म्हणून आदल्या रात्री झाडांजवळच राहू, असं नाडीन महिनाभर सांगत होती. पण लॉइडला मुलगी सासरी जायच्या आधी डोंगर फिरायचे होते. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायला जाणार होती. तरी तीन दिवस नवराबायकोने दऱ्या पाहिल्या. प्रत्येक काठावर लॉइड म्हणाला, "केवढी खोल आहे." नाडीनने प्रत्येक वेळी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दरीकडे.

शेवटचा मुक्काम मिनरल किंग नावाच्या खोऱ्यात. तिथले मार्मोट, म्हणजे मांजराएवढ्या गुबगुबीत, शिट्टी घालणाऱ्या डोंगरी खारी, गाड्यांच्या नळ्या कुरतडतात. म्हणून तिथे जो तो गाडीला खालून वर ताडपत्री गुंडाळतो. लॉइडने अशी गुंडाळली की शेजारच्या तंबूतले लोक बघायला आले. चौदा गाठी. चाकू गाडीतच राहिला.

सकाळी गाठी सोडता सोडता अकरा वाजले. शेवटची सुटली आणि बॉनेटखालून शिट्टी आली.

"तू त्याला बाहेर ठेवायला बांधलीस का आत?" नाडीनने विचारलं.

"बांधताना तो आधीच आत असणार," लॉइड म्हणाला. "पण बघ, बाहेरून एकही शिरला नाही."

काठी, पाणी, विनवण्या, कशालाही मार्मोट बधेना. नळ्या शाबूत होत्या. रात्रभरात त्याने फक्त हॉर्नची वायर खाल्ली होती. वाटेत उतरेल आपणहून, असं लॉइडचं मत पडलं. वाट म्हणजे एका गाडीपुरता रस्ता आणि जवळजवळ चारशे आंधळी वळणं. हॉर्नशिवाय तिथे कोणी जात नाही. सबब, नवा झगा घातलेली वधूमाय खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली आणि दर वळणाला ओरडली, "आलो, आलो!" मधेच समोरून आलेल्या एका गृहस्थाने गाडी थांबवून काय झालं म्हणून विचारलं. लग्न आहे, असं तिने सांगितलं. त्याने अभिनंदन केलं. खाली पोचेपर्यंत तिचा आवाज संपला होता.

झाडांपाशी दोन एकोणीसला पोचले. गाडीतळावर रेंजर प्रुइटबाईंनी शिट्टी ऐकली. दुसऱ्या खोऱ्यातलं जनावर इथे सोडता येत नाही, पकडणारा येईपर्यंत चालकाने गाडीजवळून हलायचं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"बाई, लग्न मलाच लावायचंय. अकरा मिनिटांत."

प्रुइटबाईंनी उद्यानाचा परवाना वाचला, मग मान वर केली. गाडीतळावरही एक सेक्वॉया होता. "झाडाखाली असं लिहिलंय. कुठल्या, ते नाही लिहिलं."

ठरल्या झाडाखाली थांबलेले नवरानवरी आणि बाराही पाहुणे धावत आले. लॉइडने एक हात बॉनेटवर ठेवून लग्न लावलं. फोटोत नवरानवरी सोडून सगळे बॉनेटकडे बघतायत. शेवटी आईचा आशीर्वाद होता. नाडीनने तोंड उघडलं, आवाज नाही. मार्मोटने लांब शिट्टी घातली. जावयाच्या आजीने डोळे टिपले आणि इतका आटोपशीर आशीर्वाद आपण आजवर ऐकला नाही, असं सांगितलं.

दोन एकोणतीसला कोरिन विवाहित झाली. नाडीनने खुणेनेच प्रुइटबाईंकडे अभिप्रायाचा कागद मागितला, आणि गाडीच्याच टपावर ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. अधीक्षक यांस, विनंतिअर्ज. माझ्या मुलीचा आज रोजी झालेला विवाह कायम ठेवून, केवळ आजचा दिवस रद्द करण्यात यावा. तसा लेखी आदेश अर्जदारास टपालाने मिळावा."